बोटभर उंची

उंची वाढवायची शस्त्रक्रिया करून घ्यायचं अभिमन्यूनं ठरवलं, तेव्हा ते त्यानं फक्त मानसिंगला सांगितलं. दोघे सोलापुरातल्या एकाच कोचिंग क्लासमध्ये शिकवायचे. अभिमन्यू फिजिक्स, मानसिंग गणित. मानसिंगनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे चांगले पाय मुद्दाम मोडून घ्यायचे?"

"नडगीचं हाड कापतात. मग दोन तुकडे रोज जरा जरा लांब न्यायचे. मधल्या फटीत नवीन हाड धरतं."

"दुखत असेल की."

"दुखतं म्हणतात."

मानसिंग म्हणाला, "बरं. मी राहतो तुझ्याजवळ."

अभिमन्यूची उंची पाच फूट दोन इंच. पोलीस भरतीच्या मैदानावर मोजपट्टीखाली उभा राहून तो एकदा बाहेर पडला होता, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नंतर शिकवण्यात त्याचं नाव झालं. त्याच्या तासाला जागा मिळाली नाही तर मुलं दाराशी उभी राहून ऐकायची. लग्नाच्या बाबतीत काही स्थळांनी नकार दिला, काहींना त्यानंच दिला. बाहेरून बघणाऱ्याला यात काही उणं दिसलं नसतं. पण दुकानाच्या काचेसमोरून जाताना तो मान दुसरीकडे वळवायचा, आणि ग्रुप फोटो काढायची वेळ आली की त्याला नेमका कुणाचा तरी फोन यायचा.

पुण्याच्या डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, मग एकेक धोका समजावून सांगितला. "तुमच्या पायांत काहीही दोष नाही, हे लक्षात ठेवून ठरवा. पुढे धावणं पूर्वीसारखं जमेलच असं नाही."

"मी धावत नाही, सर. मी दिवसभर लोकांसमोर उभा राहतो," अभिमन्यू म्हणाला.

तयारी त्यानं परीक्षेसारखी केली. दुसऱ्या मजल्यावरची खोली सोडून अशोक चौकाजवळ शांतम्मा नावाच्या बाईंच्या घरात तळमजल्यावरची खोली घेतली. न्हाणीत धरायला दांडे बसवून घेतले, वॉकर आणला, कमोडची खुर्ची आणली. क्लासच्या मालकांना पायाचं ऑपरेशन आहे एवढंच सांगून तास ऑनलाइन करून घेतले. घरी मात्र सांगितलं, पुण्याला ट्रेनिंगला चाललोय, बरेच महिने लागतील. घर होतं होटगीला, सोलापुरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. इतक्या जवळच्या माणसांना इतकं लांबचं खोटं सांगताना त्याची जीभ जड झाली होती.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तो परत आला तेव्हा दोन्ही पायांभोवती गुडघ्याखाली पोलादी कड्या होत्या आणि त्यांतून निघालेल्या तारा कातडीतून, हाडातून आरपार गेलेल्या. कड्या जोडणाऱ्या दांड्यांवरच्या चाव्या ठरलेल्या वेळी पान्यानं थोड्या थोड्या फिरवायच्या, की हाडातली फट केसभर वाढते. पहिले काही आठवडे मानसिंगनं सगळं केलं. मग मोडनिंबला त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. निघताना तो दारात घुटमळला.

"जा तू," अभिमन्यू म्हणाला. "मला आता जमतंय."

आणि काही दिवस जमलंही. मग अंगात ताप भरला. एका सकाळी पलंगावरून खुर्चीवर सरकताना हात सुटला आणि तो दोन्हींच्या मध्ये जमिनीवर बसकण मारल्यासारखा अडकला. हाक ऐकून शांतम्मा आल्या. साठी ओलांडलेल्या, अंगानं बारीक. त्यांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"सर, घरचा नंबर द्या."

"नको, आक्का."

"नको म्हटलं तर कसं? मला उचलायला येत नाही, तुम्हाला उठायला येत नाही. दोघं असंच बसायचं काय?" आणि खरंच त्या त्याच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. बाहेर गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. थोड्या वेळानं अभिमन्यूनं नंबर सांगितला. मग त्यांनी समोरच्या कारखान्यातून दोन माणसं बोलावून त्याला पलंगावर घेतलं.

दुपारच्या आत आण्णा आले. अभिमन्यूचे वडील, महिपती. रेल्वेत रूळ दुरुस्तीच्या गँगमध्ये जन्म काढून निवृत्त झालेले, उंचीनं मुलापेक्षाही दोन बोटं कमी. दारातच त्यांना त्या कड्या दिसल्या आणि हातातली पिशवी खाली पडली.

"कुनी उडवलं रं तुला?"

"कुणी नाही, आण्णा. मीच करून घेतलंय. उंचीसाठी."

आण्णांना पहिल्यांदा काही कळलंच नाही. अभिमन्यूनं पुन्हा सांगितलं, हाड, फट, चाव्या, सगळं. ते ऐकताना त्यांची नजर त्याच्या तोंडावरून हळूहळू खिडकीकडे गेली.

"दुखतंय का?"

"व्हय."

आण्णा उठले, टोपी सारखी केली आणि निघून गेले.

ते परत येणार नाहीत असं अभिमन्यू धरूनच चालला. त्याला रडू आलं नाही, नुसती थंडी वाजत राहिली. संध्याकाळी दार वाजलं. आण्णा खांद्यावर वळकटी घेऊन उभे होते, एका हातात डबा.

"तुजी आई येतोच म्हनत हुती. म्हनलं, आदी मी बगतो. तू आलीस की रडत बसशील, त्याला आनी ताप." त्यांनी वळकटी कोपऱ्यात टाकली. "पिठलं हाय. खातूस का?"

दुसऱ्या दिवशी चंद्रिका आली. ती फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून काही वेळा घरी येऊन पायांचा व्यायाम करून घ्यायची. तिनं तारांच्या मुळाशी आलेली लाली बघितली, फोटो पुण्याच्या डॉक्टरांना पाठवले, औषध सुरू झालं. मग तिनं आण्णांना समोर बसवून जखमा कशा पुसायच्या ते दाखवलं. आण्णांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि एकेका तारेभोवती असा बोळा फिरवला की जणू ती तार त्यांच्याच पायातून गेली आहे.

चावी फिरवायची वेळ झाली. अभिमन्यूच्या हातात तापामुळं पाना ठरत नव्हता.

"मी फिरवू?" आण्णांनी विचारलं.

"काका, या बाणाच्या दिशेनं," चंद्रिका म्हणाली. "टक् वाजलं की थांबायचं."

"हिकडंच न्हवं?"

"हो."

"नक्की की?"

टक् वाजलं. आण्णांनी पाना खाली ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. त्या दिवसापासून ते काम त्यांच्याकडेच आलं. दर खेपेला ते 'हिकडंच न्हवं?' असं विचारायचे, आणि दर खेपेला अभिमन्यू 'व्हय' म्हणायचा.

आई रविवारी यायची. तिचं नाव बजाबाई. दारातून आत आली की पदर डोळ्यांना लावायची आणि जाईपर्यंत काढायची नाही. आण्णाच तिला उन्हं कलायच्या आत गाडीत बसवून द्यायचे.

एकदा दुपारी वीज गेली आणि गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. इतकी शांतता त्या खोलीत क्वचितच व्हायची. आण्णा अभिमन्यूची टाच तळव्यात धरून, चंद्रिकानं शिकवल्याप्रमाणे, पाऊल हळूहळू वर रेटत होते.

"अभ्या," ते म्हणाले, "तुज्या आईकडचं समदं लोक उंच. तुज्या मामाला दारातनं वाकून यावं लागतंय. तू पोटात हुतास तवा मला वाटायचं, पोर तिकडं जावं." त्यांनी पाऊल सोडलं, पुन्हा धरलं. "माज्यावर गेलास. माज्यामुळंच हे समदं."

"तसं नाही, आण्णा."

"मग कसं?"

अभिमन्यूनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मानसोपचारतज्ज्ञांनाही नाही. "तुमचा सत्कार होता. चांगलं काम केलं म्हणून. मी शाळेत होतो. साहेब हार घालायला आले, तर कुणीतरी स्टूल आणून ठेवलं आणि तुम्हाला दोघांनी उचलून त्यावर उभं केलं. सगळे हसले."

"व्हय, हसलं की."

"तुम्हीपण हसलात."

आण्णा थांबले. त्यांना तो दिवस आठवत होता, पण तो हाराचा दिवस म्हणून. स्टुलाचं ते विसरले होते, किंवा कधी मनावर घेतलंच नव्हतं.

"त्यातनं काय व्हतंय," ते हळू म्हणाले. "गँगमदली मानसं. माज्यासाठी जीव टाकनारी. मी हसलो की संपायचं."

"माझं नाही संपलं."

आण्णांनी मान हलवली. टाच अजून त्यांच्या तळव्यातच होती. "तुला लाज वाटली?"

"तुमची नाही. राग आला होता. त्यांना मारावंसं वाटलं, पण माझा हात त्यांच्या पोटाच्या वर पोचला नसता."

आण्णांनी खाली वाकून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसेच बसले. वीज आली, माग सुरू झाले, तरी त्यांनी हात उचलला नाही.

एक्स-रे सोलापुरातच काढायचा आणि पुण्याला पाठवायचा असं ठरलं होतं. आण्णा प्रत्येक एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. फटीत आधी काहीच नव्हतं. मग धुक्यासारखं पुसट काहीतरी दिसायला लागलं. "धरतंय रं," ते म्हणायचे. भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून बघू या म्हणायचे. अभिमन्यू नको म्हणाला तरी तो वॉकर धरून उभा राहिला की त्यांची नजर गुपचूप त्याच्या डोक्यावरून फिरायची. शांतम्मांना ते बाहेर ओट्यावर सांगत असल्याचं त्यानं ऐकलं, "आता माज्या डोक्यावरनं बगतंय पोरगं."

तीन इंच वाढवायचे असं ठरलं होतं. दोनाच्या जवळ आल्यावर पाऊल खाली ओढलं जायला लागलं. टाच टेकेना. चंद्रिका रोज यायला लागली, तिचा चेहरा गंभीर झाला. मग पायाची बोटं बधिर झाली. डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी सरळ सांगितलं की नसा आणि स्नायू ताणाला पुरे पडत नाहीत, इथंच थांबू.

फोन स्पीकरवर होता. अभिमन्यू बोलायच्या आत आण्णा पुढं सरकले.

"सायेब, मी त्याचा बाप. पोरानं लई सोसलंय हो. अजून एक बोट तरी द्या की. मी हळूहळू फिरवतो, लई हळू."

"काका, हाड वाढेल. पण पाऊल उचललं नाही तर त्या उंचीचं काय करायचं?"

"एक बोट, सायेब. त्याचं मन ऱ्हाईल."

अभिमन्यू त्यांच्याकडे बघत होता. अंगात बंडी, हातात पाना, फोनवर वाकलेला तो लहानखुरा माणूस आपल्या मुलासाठी बोटभर उंची मागत होता, भाजीवाल्याकडे वर दोन मिरच्या मागाव्यात तशी. अभिमन्यूला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. हसता हसता कड्या हलल्या, कळ आली, तरी हसू थांबेना.

"हसतूस काय?" आण्णा चिडले.

"बास, आण्णा. पाना द्या इकडं." त्यानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "सर, थांबू या."

"तुमचा निर्णय आहे ना हा?"

"माझाच आहे."

आण्णा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तेच चंद्रिकाला विचारत होते की टाच टेकवायला अजून काय काय करता येईल.

हाड घट्ट व्हायला पुष्कळ वेळ लागला. उन्हाळा त्या खोलीत गेला, पावसाळाही. बोटांतला बधिरपणा हळूहळू गेला, आणि टाच आधी एका पायाची टेकली, पुष्कळ दिवसांनी दुसऱ्याची. कड्या निघाल्या तेव्हा पाय इतके बारीक आणि ओळखू न येणारे दिसले की अभिमन्यूनं पांघरूण ओढून घेतलं. आण्णांनी ते बाजूला केलं आणि खोबरेल तेल लावायला बसले.

वॉकर गेला, काठी आली. तो क्लासला जायला लागला. पहिल्या दिवशी मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या पाय बरा झाला म्हणून. उंचीचं कुणी काही बोललं नाही. एक मुलगी मात्र जाता जाता म्हणाली, "सर, तुम्ही आता फळ्याच्या वरपर्यंत लिहिता, मागून वाचायला बरं पडतंय." ते ऐकून त्याला आनंद झाला, पण ज्याची इतकी वर्षं वाट बघितली तो आनंद याहून मोठा असेल असं त्याला वाटलं होतं. काचेसमोरून जाताना मान वळवायची सवयही लगेच गेली नाही. कधी वळायची, कधी नाही.

आण्णा होटगीला परत निघाले. शांतम्मांनी त्यांना नवी चादर दिली, ती पिशवीत मावेना म्हणून काखेत मारली. अभिमन्यू काठी टेकत स्टँडपर्यंत आला. आण्णा मुद्दाम सावकाश चालत होते आणि मधेच कुठल्या तरी दुकानापुढं उगाच थांबत होते, त्याला विसावा मिळावा म्हणून. एसटीत तो त्यांच्यामागं चढला. आण्णांनी पिशवी वरच्या फळीवर टाकायला हात उंचावला, पोचला नाही. अभिमन्यूनं ती घेतली, काठी सीटला टेकवली आणि हात ताणला. बोटं फळीला लागली, पण पिशवी कडेवरून आत जाईना. मागून एका उंच प्रवाशानं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या, पावनं," आण्णा म्हणाले. "मांडीवर घेतो की." त्यांनी पिशवी घेतली, खिडकीशी बसले आणि शेजारची जागा हातानं झाडली. "बस वाईच. गाडी सुटायला येळ हाय."

अभिमन्यू बसला. दोघांचे पाय शेजारी शेजारी होते. आण्णांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि विचारलं, "तेल लावतूस ना रोज?"

"लावतो."

"जोरात चोळू नगंस."

"बरं."

कंडक्टर आला. अभिमन्यूनं आण्णांचं तिकीट काढायला खिशात हात घातला, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "होटगी. दोन द्या."

आण्णांनी चादर पिशवीवर नीट ठेवली आणि खिडकीची काच त्याच्यासाठी जरा मागं सारली.