जमीन वर येते तेव्हा

गजाला अकोल्याला एम.डी. मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती आणि संशोधन म्हटलं की तिला जांभई यायची. पण तिच्या मार्गदर्शक, डॉ. गीतांजली मॅडम, यांनी शिकाऊ डॉक्टरांना काम वाटून दिलं होतं. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांत जायचं, सत्तरीपुढच्या माणसांना भेटायचं, कोण किती वेळा पडतं आणि कोणत्या गोळ्या घेतं ते लिहून आणायचं. तिच्या जोडीचा किशोर दहा मिनिटांत एक फॉर्म उरकायचा. गजालाही तेवढ्यातच उरकायला शिकली होती.

जानेवारीतल्या एका दुपारी ती वर्धा नदीकाठच्या गावात मोतीरामबुवांच्या अंगणात बसली होती. बुवा एक्क्याऐंशी वर्षांचे. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. हवेत बारीक तंतू तरंगत होते, इतके हळू की खाली येताहेत की वर जाताहेत, तेच कळत नव्हतं. उबदार उन्हात गजालाचे डोळे जड झाले होते.

सहा महिन्यांत किती वेळा पडलात, असं तिनं विचारलं. एकदाही नाही, म्हणाले बुवा. तिनं शून्य लिहिलं. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सुनेनं, आकांक्षानं, सासऱ्याची बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत निळे-पिवळे डाग होते.

हे कशाचे, असं गजालानं विचारलं, तेव्हा बुवा तिची समजूत घातल्यासारखे म्हणाले, "पडलो नाई मी, बाई. कदी कदी जमीनच वर येते. सावकाश, पुराचं पानी चढते तशी. मंग मले कुशीत घेते."

"भीती नाही वाटत?" गजालानं विचारलं.

"कायचं भेव? सारं पांढरं होऊन जाते. लय हलकं वाटते मले."

गजालानं पेन खाली ठेवलं. तिनं बुवांना बाजेवर आडवं केलं, थोड्या वेळानं रक्तदाब मोजला. मग उभं करून पुन्हा मोजला. वरचा आकडा एकशे चाळीसवरून शंभरावर आला. बुवांची नजर कुठेतरी लांब गेली, बोटं हवेत काहीतरी चाचपू लागली.

"आली," ते हळूच म्हणाले.

दोघींनी त्यांना धरून बसवलं. त्यांचा भार खांद्यावर आला तेव्हा क्षणभर गजालालाही वाटलं, अंगण, तुळस, बाज, सगळं पाण्यावर ठेवल्यासारखं हलतंय.

गोळ्यांच्या पिशवीत रक्तदाबाची गोळी होती आणि दुसऱ्याच एका डॉक्टरनं दिलेली लघवीच्या त्रासाची. दोन्हींनी रक्तदाब उतरतो, आणि बुवा सकाळी दोन्ही एकदमच घेत. तिनं तिथूनच मॅडमना फोन केला. मॅडम दोन्ही डॉक्टरांशी बोलल्या. एक गोळी कमी झाली, दुसरीची वेळ बदलली.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली तेव्हा बुवा काठी टेकत नदीपर्यंत जाऊन आले होते. आता जमीन येत नाही, असं त्यांनी सांगितलं, पण गाव सोडून गेलेल्या सोबत्याबद्दल बोलावं तसं. गजाला थोडा वेळ त्यांच्याजवळ बसली.

अकोल्याला परतल्यावर तिनं मॅडमना सांगितलं की भरलेल्या त्रेसष्ट फॉर्मांवर तिचा भरवसा राहिलेला नाही. आपण विचारतो पडण्याबद्दल, आणि त्या माणसांच्या लेखी ते पडणंच नाही. किशोरचा चेहरा उतरला. पुन्हा त्रेसष्ट घरं, एवढंच तो म्हणाला.

मॅडमनी एक कोरा फॉर्म पुढ्यात ओढला. "मग काय विचारशील?"

"उठून उभं राहिल्यावर काय दिसतं, काय वाटतं, ते विचारीन."

मॅडमनी जुन्या प्रश्नावर काट मारली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "तूच लिही."

फेब्रुवारीभर दोघं हिंडले. धारणीकडच्या देवमन आजोबांनी सांगितलं की ते उठले की सागाची झाडं एका रांगेत चालू लागतात. एका आजीला घरातली माणसं विहिरीच्या तळाशी बोलत असल्यासारखी ऐकू येत. आधी अकरा जणांनी पडल्याचं कबूल केलं होतं; आता चौतीस जणांच्या तोंडून काही ना काही निघालं. त्या सगळ्यांचा रक्तदाब आडवं करून आणि उभं करून मोजला गेला. किशोर एका घरात आता तासभर रमायचा आणि फॉर्मच्या कोऱ्या पाठीवरही लिहून आणायचा. गजालाला झोपेतही ती चालणारी झाडं दिसत.

शेवटचं घर बाळापूरकडचं, आशाबाईंचं. पहिल्या खेपेला त्यांनी मानेनंच नाही म्हटलं होतं. नवा प्रश्न ऐकून त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि त्या बोलू लागल्या. पहाटे उठताना छप्पर निघून जातं, म्हणाल्या, आणि सगळं आभाळ घरात उतरतं. मग त्यात माहेरची बैलगाडी येते. सुनेला सांगितलं तर म्हातारीला भ्रम झाला म्हणेल, म्हणून आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मधेच त्यांची नजर गजालाच्या पेनाकडे गेली.

"हे सारं लिवून राहिली काय तू?"

"हो, आजी."

"मंग पान पलट. आजून लय हाय."