वळणावरची सावर

तुम्ही कधी डोळ्यावर पट्टी बांधून महिनोन्‌महिने प्रवास केला आहे का? मी केला आहे. मी विजयश्रीचा मोबाइल बोलतोय.

पिंपरीच्या एका दुकानातून तिच्या घरी आलो, तेव्हा वाटलं, केकचे फोटो आणि सेल्फी काढण्यातच जन्म जाणार. पण हिची आवड वेगळी. ती चाकणच्या कंपनीत कामाला आहे. रोज कासारवाडीला कंपनीची बस पकडायची, खिडकीशी बसायचं आणि मला काचेला टेकवायचं. इंद्रायणीवरचं धुकं, भाद्रपदातला तेरडा, कापणीनंतरची पिवळी रानं, सगळं मी पाहिलं. शेजारी बसणारी आम्रपाली म्हणायची, "आमचाही काढ की कधी. का फोटोला झाडच व्हावं लागतं?"

हे फोटो सासऱ्यांसाठी असत. हिंदुरावांची शेती चाकणच्या अलीकडे होती. तिथे आता गोदामं आहेत. त्यांच्या बांधावरची एक काटेसावर तेवढी रस्त्याच्या वळणावर उरली आहे. गुडघे गेल्यापासून ते पिंपळे सौदागरच्या घरातून बाहेर पडत नाहीत. संध्याकाळी मला हातात घेऊन ते सावरीची खबर घेत.

दिवाळीनंतर कंपनीने नियम केला. आत कुणी फोटो काढू नयेत म्हणून गेटवर माझ्या डोळ्यावर, म्हणजे कॅमेऱ्यावर, लाल स्टिकर बसू लागला. सुटताना तो काढायचा असतो. पण सकाळी जुना शाबूत दिसला, तर रांगेत थांबावं लागत नाही, म्हणून बायका तो तसाच ठेवतात. विजयश्रीनेही ठेवला. फोटो बंद पडले, सावरीची खबर ती तोंडीच देऊ लागली. तिचे दोन लेटमार्क झाले होते आणि तिसऱ्याला अर्धी रजा कापतात.

माघात भावकीतला गणराज सांगून गेला, की रस्ता रुंद होणार, तोडायच्या झाडांवर नंबर पडलेत. हिंदुरावांचं जेवणावरचं मन उडालं. विजयश्री म्हणाली, उद्या फोटोच आणते.

वळणावर बस जरा हळू झाली. एकही पान नाही, नुसती फुलं, असं ती आम्रपालीला सांगत होती. नजर झाडावर, बोट माझ्यावर. सवयीने तिने चार फोटो काढले. मला सांगायचं होतं, पण आम्ही जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं पोचवतो.

संध्याकाळी हिंदुरावांनी मला डोळ्यांजवळ धरलं. चारही फोटो नुसते लाल.

"झाड कुठाय?"

"आबा, स्टिकर राहिला हो. पण झाड आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मग ह्यानं कसं न्हाई पाह्यलं? तोडली असंल. म्हाताऱ्याला समजावती व्हय?"

ताट सरकवून ते उठले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आता मी जुना झालोय. कोपऱ्याला तडा गेलाय, दुपारीच बॅटरी उतरते. घरात नव्या मोबाइलची बोलणी चालली आहेत. त्याचं मला दुःख नाही. फक्त मला कपाटात टाकण्याआधी सावरीचे फोटो त्याच्याकडे सोपवा.

त्या लाल फोटोंच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विजयश्रीने वळणाच्या आधीच नखाने स्टिकर सोलला, सावरीचा फोटो काढून घरी पाठवला आणि गेटवर रांगेत उभी राहिली. तिसरा लेटमार्क लागला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला, की खोडावरचा नंबर आबांना दिसला, पण "यंदा तरी हाय" असं म्हणून ते न्याहारीला बसले.