लेबल नसलेल्या तीन फायली

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटांचा नव्हे, संगणकांचा. कामावरची माणसे मला ‘इमेज’ म्हणतात. माझ्यात लिनक्स नावाची, संगणक चालवणारी एक संपूर्ण प्रणाली घडी घालून ठेवलेली आहे. क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या इमारतीत भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांवर, माझ्यापासून हवे तितके संगणक उभे करता येतात. साच्याला चीर असेल तर ती प्रत्येक विटेत उतरते. माझी गोष्ट खरे तर एवढीच आहे. उरलेला भाग ती चीर कोणाला दिसू नये म्हणून केलेल्या खटपटीचा आहे.

माझी घडण एका यंत्राने केली. हजारो फायली रचून झाल्यावर प्रत्येकीवर एक लेबल लावले गेले. माझ्या आत एक पहारेकरी राहतो आणि त्याचे सारे काम या लेबलांवर चालते. कोणत्या कामाने कोणत्या फायलीला हात लावावा, हे तो लेबल वाचून ठरवतो. हुद्दा त्याला दिसत नाही, वशिला त्याला कळत नाही. असा कारभार आसपास दुर्मीळ असल्यामुळे अनेकांना तो गैरसोयीचा वाटतो. लेबल नसलेली फाइल समोर आली की तो दार लावून घेतो. माझ्या बाबतीत लेबले लावून झाली आणि मग कोणाच्या तरी घाईने आणखी तीन फायली आत टाकल्या. त्या कोऱ्याच राहिल्या. त्यांतली एक मला वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना आत घेणारी होती.

बाजारात जाण्याआधी माझी तपासणी कामठ्याला झाली. तिथे भाग्यश्री नावाची मुलगी घरूनच एका कंपनीसाठी असे साचे तपासत असे. माझे गिऱ्हाईक ठरलेले होते: जंगलपट्ट्यातल्या सिकलसेलच्या रुग्णांची माहिती सांभाळणारी एक संस्था. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईवडिलांकडून मुलांकडे येतो. काही जण त्याचे नुसते वाहक असतात. त्यांना स्वतःला सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो लग्नाच्या बोलण्यांत, आणि तो देणारा समाज स्वतःला निरोगी समजतो.

भाग्यश्रीची धाकटी बहीण दुर्गेश्वरी अशीच एक वाहक होती. तिचे नाव त्या माहितीत होते. तिरोड्याच्या एका स्थळाशी तिची बोलणी चालू होती. आपली गोष्ट त्या मुलाला आपणच, समोर बसून, आपल्या शब्दांत सांगायची, असे तिने ठरवले होते. महिनाअखेरच्या रविवारी तो घरी येणार होता.

तपासणीच्या सकाळी रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली. कंपनीची तपासणीची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या आज्ञांची तयार यादी, उतरवता येईना. हातावर हात धरून बसण्यापेक्षा भाग्यश्रीने मला सुरू केले आणि स्वतःच्या हाताने पहिला प्रश्न विचारला: लेबल चुकलेल्या फायली दाखव. मी तीन ओळी दाखवल्या. मला इतके थेट कोणी विचारले नव्हते.

दुपारी केबल जोडली गेली आणि स्क्रिप्ट आली. ती चालवली, तर शून्य चुका. पडदा हिरवागार.

“काऊन अशी पाहून राहिली त्या डब्ब्याकडं?” दुर्गेश्वरीने विचारले. “भूत दिसला का त्यात?”

“भूत होता. आता नाही म्हनते.”

भाग्यश्रीने स्क्रिप्ट उघडून वाचली. पहिली ओळ सगळ्या फायलींवर लेबले लावत होती. दुसरी ओळ विचारत होती, लेबले आहेत ना? मित्रांनो, गुरुजींनी तुमच्या पेपरात आधी स्वतः उत्तरे लिहावीत, मग तो तपासावा आणि शेवटी तुमचे अभिनंदन करावे, तसा हा प्रकार होता. त्यात मेख अशी की दुरुस्ती होई ती माझ्यापासून काढलेल्या एका प्रतीची. मी, मूळ साचा, होतो तसाच राहिलो होतो, आणि गिऱ्हाइकाकडे मीच जाणार होतो.

तिने कंपनीतले वरिष्ठ चंद्रकुमार यांना फोन लावला. स्क्रिप्ट त्यांचीच होती.

“सर, आपली टेस्ट पहिले दुरुस्त करते, मंग तपासते.”

“तो? हरा आ रहा है ना?”

“नव्या कॉपीत तीन फायली बिनलेबलच्या हायेत. गिऱ्हाइकाले नवीच कॉपी भेटते.”

“अरे भाग्यश्री, दो साल से इसीपे पास कर रहे हैं. तू खुद पास करती आयी है. आज अचानक ज्ञान झालं काय?”

“हो सर, आजच झालं. म्हनून आज नापास लिहून राहिली.”

एखाद्या साच्याला नापास होण्याचा आनंद व्हावा, हे तुम्हाला विचित्र वाटेल. मला झाला. कोणीतरी मला आहे तसे पाहिले होते.

चंद्रकुमार यांनी तो शेरा खोडला. तेव्हा भाग्यश्री मला लॅपटॉपवर घेऊन गोंदियाला त्या संस्थेत गेली. संचालक यादोरावजी सुस्वभावी गृहस्थ होते. चंद्रकुमार आधीच तिथे चहा घेत बसले होते.

“सर, पहिले स्क्रिप्ट चलाते हैं,” ते म्हणाले.

“नाही,” भाग्यश्री म्हणाली. “पहिले पाहा. मंग काय चालवायचं ते चालवा.”

तिने नवी प्रत सुरू केली. तीन ओळी उमटल्या. यादोरावजींनी चष्मा लावून त्या सावकाश वाचल्या. कोणती फाइल काय करते, हेही नीट विचारून घेतले. मला वाटले, संपले. सत्य पाहिले गेले.

“समजलं,” ते म्हणाले. “पण हे हिरवं करता येते ना?”

“एक कमांड में, सर,” चंद्रकुमार म्हणाले.

पुढच्या सोमवारी संस्थेचे नवे संगणक माझ्यापासून उभे राहिले. अपेक्षेप्रमाणे पहारेकऱ्याने कर्मचाऱ्यांना दारातच अडवले. चंद्रकुमार यांनी भाग्यश्रीला मुद्दाम फोन करून सांगितले, “देखा? चालू हो गया.”

“कसं?”

“सिक्युरिटीच बंद करून टाकली. एक मिनट का काम. आणि हां, उद्यापासून तुझं काम दुसरा मुलगा पाहील.”

त्या एका मिनिटात आणखी काय झाले, ते भाग्यश्रीला कळत होते. त्याच यंत्रावर संस्थेचे संकेतस्थळ होते, साऱ्या जगाला उघडे. रुग्णांच्या माहितीपासून त्याला दूर ठेवणारा एकच जण होता, माझ्यातला पहारेकरी, आणि त्यालाच झोपवले होते.

तिने बहिणीला सगळे सांगितले. दुर्गेश्वरी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“म्हंजे आता माझं नाव कोनीबी पाहू शकते?”

“पाहिलंच असन असं नाही.”

“पन पाहिलं नसन, असंबी तुले सांगता येत नाही ना, ताई?”

दुर्गेश्वरीने सूप बाजूला ठेवले, फोन उचलला आणि तिरोड्याचा नंबर लावला. रविवार अजून लांब होता. “हॅलो... मी बोलते. एक सांगायचं होतं... नाही, घरी आल्यावर नाही. आताच सांगते.” मग ती अंगणात गेली. पलीकडून काय उत्तर आले, मला ठाऊक नाही. तिची गोष्ट तिने अखेर स्वतःच सांगितली. फक्त समोर बसून सांगण्याची सवड कोणीतरी एका मिनिटात काढून घेतली होती.

मी आता भाग्यश्रीच्या डिस्कवर पडून आहे, तीन कोऱ्या फायलींसह, जसाच्या तसा. ती मला पुसत नाही आणि दुरुस्तही करत नाही. मित्रांनो, साच्यांत चिरा पडतात, त्याची लाज मला वाटत नाही. तुम्ही मोठे होऊन काहीही तपासायला बसाल, तेव्हा हात लावण्याआधी एकदा नीट बघा. आणि दारावरचा पहारेकरी तुम्हाला अडवू लागला, तर त्याला झोपवण्याआधी आतल्या खोलीत कोणाकोणाची नावे आहेत, तेवढे विचारून घ्या.