मुलाखतीचा काळा कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. गोड बोलणं मला जमत नाही. माणसांच्या इतकं जवळ राहिलं, त्यांचा घाम प्यायला, की त्यांच्याबद्दल आदर उरत नाही.

माझा जन्म पनवेलच्या बाजारात काशीराम टेलरच्या मशीनवर झाला. काशीरामने जन्मभर नवरदेवांचे कोट शिवलेले. त्यामुळे बाईच्या मापाचा कोट शिवतानाही त्याने गुलाब खोचायला कॉलरवर काज ठेवलंच! मला शिवून घेतलं निशाने. ती इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला परदेशात इंग्रजीची शिक्षिका व्हायचं होतं, आणि आपल्या चिमुरडीला, समृद्धीला, सोबत न्यायचं होतं. एकासाठी दुसरं सोडायची तिची तयारी नव्हती.

त्यासाठी कोट कशाला, असं तुम्ही विचाराल. ते दिनानाथ सरांना विचारा. हे गृहस्थ परदेशी नोकऱ्या लावून देण्याचा क्लास चालवत. स्वतः कधी विमानात बसले नव्हते. त्यांच्या भिंतीवर देशोदेशीचे झेंडे होते, त्यातले काही उलटे टांगलेले. "परदेश म्हणजे थंडी, मॅडम. कोट मस्ट!" हे त्यांचं ज्ञान. आणि दुसरं ज्ञान असं, "मुलगी आहे हे बोलूच नका. मूल म्हटलं की ते लोक फोन ठेवतात. नोकरी लागू दे, मुलगी तोवर आजीकडे राहील."

निशा गप्प बसली. शिकलेली माणसं गप्प बसली की मला त्यांचा फार राग येतो.

मुलाखत कॉम्प्युटरवर होती. पलीकडे व्हिएतनाममधल्या एका बंदराच्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. अलीकडे निशा, वर मी आणि खाली घरातला गाऊन. परदेशात नोकरी म्हणजे केवढा थाट, आणि तो कमरेपर्यंतच! दिनानाथ सर कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे कडेला खुर्ची टाकून बसले होते. समृद्धीला आजीने स्वयंपाकघरात कोंडून ठेवलं होतं. निशा उत्तरं देत होती, पण तिचे कान स्वयंपाकघराकडे होते. आत भांडं पडलं की माझ्या अस्तरामागे धस्स व्हायचं.

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात ही आजी, म्हणजे निशाची सासू रंभा, मुठीत मीठ-मिरच्या घेऊन स्वयंपाकघराचं दार उघडं टाकून बाहेर आली.

"आई, आत्ता नको!" निशा पुटपुटली.

"थांब गो! शेजारची हौसा सकाली कोट बघून गेली. तिची नजर लय वंगाल." आणि रंभाने थेट पडद्यासमोर उभं राहून निशावरून मूठ ओवाळायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, पावन्याराव्न्याची, इरा पिरा टलो!"

आता या घरात दृष्ट काढायची तर आधी लेकराची. तो नेम समृद्धीला पाठ. ती आतून धावत आली. "आजी, माजी पन काढ! माजी आदी!"

पलीकडच्या बाईंनी विचारलं, ही मुलगी कोण?

"भाची सांगा, भाची!" दिनानाथ सर दातओठ खात कुजबुजले.

समृद्धी आईच्या तोंडाकडे बघत होती. पोरीला इंग्रजी येत नव्हतं, पण 'भाची' कळत होतं. निशाने तिला उचलून मांडीवर घेतलं. तिचे चिकट हात माझ्या बाहीला पुसले गेले. अरेरे! "माय डॉटर," निशा म्हणाली. "शी इज कमिंग विथ मी." दिनानाथ सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

बाई जराही चिडल्या नाहीत. आजी काय करत होती, एवढंच त्यांनी विचारलं. मग निशाने आजीला पुन्हा ओवाळायला लावलं, समृद्धीकडून मीठ, मिरची, डोळा हे शब्द इंग्रजीत म्हणवून घेतले. बाईही पलीकडे मूठ फिरवू लागल्या. निशा शिकवत होती, आणि माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

नोकरी लागली. लेकीला त्याच शाळेत प्रवेश मिळाला. "तितं बंदर हाय ना? मंग मी पन येतो मागून," असं इथल्या बंदराजवळ द्रोणागिरीच्या गोदामात काम करणारा निशाचा नवरा प्रणित म्हणाला. शाळेने कळवलं, इकडे उकाडा फार, सुती कपडे आणा. बॅगेत माझ्या जागी समृद्धीची गोधडी गेली.

मला दिनानाथ सरांनी मागून नेलं. "ने रं बाबा," रंभा म्हणाली, "नाय तर उंदीर खातील." आता मी त्यांच्या क्लासात खिळ्यावर असतो. जो येतो तो मला चढवून फोटो काढतो, ढगळ झालो तर पाठीला चिमटे लावून. भिंतीवर माझ्यातल्या निशाचा फोटो आहे, खाली 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. आणि सर आजही सांगतात, मूल आहे बोलू नका, म्हातारी आई आहे बोलू नका. समोरचे पदवीधर माना डोलावतात.

मित्रांनो, माझी निगा राखा, खिशात डांबराच्या गोळ्या ठेवा, ऊन दाखवा. पण मला अंगात घालायचं म्हणून आपलं माणूस लपवा, असं कुणी सांगितलं, तर मला काढा आणि त्याच्याच तोंडावर फेका. चुरगळलो तरी चालेल.