टपाला भोक

वारंगा फाट्यावरच्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या ज्यानं पाहिल्या असतील, त्यानं प्रेमदासचं काम पाहिलेलंच आहे. टपावर त्याचं लोखंडी कॅरिअर, कॅरिअरवर माणसं, माणसांच्या मधे एखादी शेळी, वर लग्नाचं कपाट, आणि हा सगळा संसार खड्ड्यांतून उड्या मारत सेनगावपर्यंत जायचा. पण प्रेमदासनं बसवलेलं कॅरिअर कधी सुटलं, असं कुणी ऐकलं नव्हतं. त्याच्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं. बाकी तो थकला होता. एका झोपेनं उतरेल असला थकवा नव्हे. सकाळी शटर वर करतानाच हात नको म्हणायचे. दुकान बंद करा, असं बायको भिकाबाई रोज सांगायची. तोही रोज व्हय म्हणायचा आणि दुकानाची वाट धरायचा.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, अशा माणसाकडे नाना आले. नाना म्हणजे हिंगोलीच्या कोर्टातले निवृत्त कारकून. घर सोवळ्याचं आणि नाद मासे धरायचा! गळाला कणकेचा गोळा लावायचा, मासा ओढून घ्यायचा, डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. इसापूर धरणाच्या काठावरच्या तांड्यात यावर पोटभर हसून झालं होतं. नानांची बोट चालवणारा भीमसिंग, म्हणजे प्रेमदासचा मेहुणा, सुरुवातीला विचारायचा, सोडायचाच हाय तर धरायचा काहून? पुढं तोही विचारायचा थांबला. घरातली कणीक कुठं जाते हे नानांच्या बायकोला, नीलांबरीबाईंना, पक्कं ठाऊक होतं, पण मासा उंबऱ्याच्या आत येत नव्हता तोवर त्यांची काही तक्रार नव्हती.

पण नानांचे हात कापायला लागले. गोळ्या झाल्या, मालिश झाली, हात काही ऐकेनात. मासा लागला की काठी हातातून निसटायची. गुडघेही वाकत नव्हते. त्यांच्या जुन्या फायबरच्या बोटीला वर पक्कं, बसकं टप होतं. मागच्या बाजूला उभं राहिलं की त्याची कड नानांच्या छातीशी यायची. त्या कडेवर काठी रोवायला दोन नळ्या बसवल्या, तर माशाचा ओढा नळी सोसेल आणि नानांनी उभ्यानं नुसती दोरा गुंडाळायची चरखी फिरवायची. हे जमलं तर पाण्यावर येता येईल, नाहीतर घरात खुर्चीत बसून राहायचं. नानांनी हे प्रेमदासला सरळ सांगितलं. टपाला भोकं पाड, खालून लोखंडी पट्टी दे आणि नट-बोल्टानं आवळ, हेही सांगितलं.

प्रेमदासनं ऐकलं, म्हणजे कानांनी ऐकलं. जीपच्या टपाला त्यानं जन्मात भोक पाडलं नव्हतं. भोक पाडलं की पहिल्या पावसात टप गळतं आणि मालक शिव्या घालत दारात उभा राहतो. टपाच्या कडेला पाणी निथळायला पन्हळ असते, तिलाच लोखंडी चिमटे लावून आवळायचे, अशी फाट्यावरची रीत. थकलेला माणूस पायाखालच्या वाटेनंच जातो. प्रेमदासनं बोटीच्या कडेला दोन चिमटे घट्ट आवळले, त्यांना नळ्या जोडल्या, हलवून पाहिल्या. जीपची पन्हळ पत्र्याची असते आणि ही कड वर्षानुवर्षं उन्हात वाळलेल्या फायबरची आहे, हे त्याच्या मनाला शिवलंच नाही. नानांनी पट्टीचं विचारलं तर म्हणाला, लागत न्हाई. प्रेमदास म्हणतो म्हटल्यावर नानांनी मानलं.

रविवारी नानांनी त्यालाही आग्रहानं बोटीत बसवलं. निघताना एक नळी जरा तिरपी हवी म्हणून नानांनी स्वतःच्याच हातानं तिचा चिमटा सैल करून पुन्हा आवळला. त्याला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. खोल पाण्यात भीमसिंगनं इंजिन बंद केलं. प्रेमदास टपाच्या सावलीत पेंगत होता, तेवढ्यात चरखी करकरली. मासा दांडगा होता, बहुतेक कटला जातीचा. काठी कमानीसारखी वाकली, नाना लेकरागत हसले, चरखीला हात घातला, आणि कडाड आवाज झाला. काठी, नळी, चिमटा आणि टपाच्या कडेचा वीतभर तुकडा, सगळं एकदम पाण्यात गेलं.

नाना आपल्या हातांकडे बघत उभे राहिले. मीच वाकडा आवळला, असं म्हणाले. भीमसिंग म्हणाला, व्हतं कदी कदी. त्यानं इंजिन चालू केलं आणि बोट काठाला आणली. उतरल्यावर नानांनी भीमसिंगला सांगितलं, की बोट आता तूच वापर, मला न्यायला येऊ नको.

प्रेमदासनं टपाची तुटलेली कड पाहिली होती. काय झालं ते त्याला तेव्हाच कळलं होतं. गप्प बसला असता तर त्याचं नाव शाबूत राहणार होतं; नानांनी दोष आपणहून अंगावर घेतला होता. आणि बोलायचाही कंटाळा यावा इतका तो दमला होता. पण खांदे पाडून चिखलातून निघालेले नाना त्याला बघवेनात.

"नाना, तुमचा हात न्हाई चुकला. काम माझं चुकलं."

नाना थांबले, थोडं हसले. "माझं मन राखून राहिलास, प्रेमदास. तुझं काम सुटत नसतं, हे सगळा फाटा जाणतो."

खरं बोलूनही माणूस खोटा पडतो, हे प्रेमदासला त्या दिवशी कळलं. त्यानं नानांचा दंड धरला, त्यांना बोटीपाशी मागं आणलं आणि दुसऱ्या नळीवर त्यांचे दोन्ही हात ठेवले. या नळीला नानांनी बोटही लावलं नव्हतं.

"वढा."

नाना नको म्हणाले. त्यानं पुन्हा सांगितलं. नानांनी ओढलं, आधी भीत भीत, मग सगळा जोर लावून. कड चिमट्याखाली आधीच चिरत आली होती. ती मोडली आणि नळी, चिमटा, फायबरचा तुकडा नानांच्या हातात आला.

भीमसिंगनं ते पाहिलं आणि मान वळवली. संध्याकाळपर्यंत फाट्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला हे कळणार होतं. नाना त्या तुकड्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"पट्टी दे म्हणालो होतो की नाही तुला? कान काय भाड्यानं दिलेत गाढवा? मी इथं माझ्या हातांना शिव्या देतोय!"

प्रेमदास चिखलातच खाली बसला. इतकं कुणी त्याला कधी बोललं नव्हतं, आणि इतकं हलकंही त्याला कधी वाटलं नव्हतं. नानांनी मोडकी नळी त्याच्या मांडीवर टाकली.

"भोकं पाड. रविवारी येतोय मी."