वाघाची चूक

हितेशने मोबाइल स्पीकरवर टाकला, लॅपटॉपशेजारी पालथ्या पातेल्याला टेकवून उभा केला आणि मिथुनला विचारलं, ऐकू येतंय का. पलीकडे इस्पितळातली ट्रॉली खडखडत गेली, मग मिथुनचा आवाज आला. येतंय म्हणाला, पण तू नको सांगूस, सुजीतला सांगू दे. तुझ्या तोंडून रेस ऐकणं म्हणजे पोथी ऐकणं.

सुजीत दाराशी चपला काढत होता. त्याने वर पाहिलं नाही.

हितेशच्या सालवडच्या या खोलीत तिघे गेली पाच-सहा वर्षं रविवारी संध्याकाळी लॅपटॉपवर गाड्यांची रेस बघत. तिघेही एकाच केमिकल कारखान्यात ऑपरेटर. हितेश नुसता बघायचा. भांडण खरं त्या दोघांचं. सुजीत निळ्या टीमचा, आणि तिचा मोठा ड्रायव्हर म्हणजे त्याचा वाघ. मिथुन त्यालाच रेडा म्हणे, कारण तो संधी मिळेल तेव्हा मिथुनच्या लाडक्या लाल टीमच्या गाडीत शिंग खुपसायचा. निळ्या टीमचा मालक पंचांना जेवायला नेतो, अशी मिथुनची खात्री. लाल टीमवाले जन्माचे रडके, अशी सुजीतची. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इतक्या वर्षांत वाघाची एक चूक सुजीतने कबूल केली असेल तर शपथ.

आज मिथुनच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. आठवड्यापूर्वी पाइपचा जोड उघडताना आतलं ॲसिड उसळलं आणि गॉगलच्या कडेतून आत गेलं. पाइप रिकामा करायचं काम सुजीतचं. तो रिकामा झाला की सुजीतने लांबून अंगठा दाखवायचा, मग मिथुनने नट सोडायचे. सुजीतने मॅनेजरला सांगितलं होतं, मी अंगठा दाखवलाच नव्हता. हितेश तेव्हा वरच्या प्लॅटफॉर्मवर उभा होता. अंगठा त्याने स्वच्छ पाहिला होता. उद्या चौकशी होती. मिथुनची चूक ठरली की डोळ्यांपाठोपाठ नोकरीही जाणार, हे सुजीत आणि हितेश दोघांना कळत होतं. तरी हितेशने आठवडाभर तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

गाड्या रांगेत लागत होत्या तेव्हा मिथुननेच विषय काढला. उद्या साहेब इथे इस्पितळातच येऊन जबाब घेणार म्हणाला. मला अंगठा दिसल्यासारखा वाटला होता. पण सुजीत नाही म्हणतो तर नसेल. वाफ होती, भास झाला असेल. तो खोटं कशाला बोलेल?

सुजीतने पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

सुरुवातीचे लाल दिवे विझले आणि गाड्या सुटल्या. सुजीत आधी अडखळत सांगत होता, मग नेहमीसारखा रंगात आला. लाल गाडी पुढे, वाघ मागे, अंतर कमी होतंय. मिथुन मधेच शिव्या घालत होता. थोडा वेळ तिघांनाही बरं वाटलं.

मग एका वळणावर धूळ उडाली आणि सुजीत गप्प झाला.

"काय झालं? बोल की."

"ठोकलं. तुझा बाहेर गेला."

"आणि तुझा?"

"चाललाय."

मिथुन हसला. आता पंच जेवायला जातील म्हणाला. मग थांबला.

"आज मला दिसत नाय, सुजीत. तू सांगशील तेच मी खरं मानणार. चूक कोणाची हाय?"

पडद्यावर ती धडक पुन्हा दाखवली. मग हळू गतीने, वरून. वाघाला पुढे घुसायला जागाच नव्हती, तरी तो घुसला होता. सुजीत पडद्याकडे बघत राहिला, बोलेना. हितेशला राहवेना.

"तुझ्यावाल्यानेच वाट अडवली, मिथुन," सुजीत एरवी म्हणाला असता तेच हितेश म्हणाला.

"खोटं नको सांगू त्याला," सुजीत म्हणाला. "चूक वाघाची हाय. जागा नव्हती. त्याला दिसत होतं, तरी घाई केली."

हे ऐकायला मिथुन इतकी वर्षं टपून बसला होता. हितेशला वाटलं, आता तो टाळ्या पिटेल. पण फोनमधून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"तू असं कधी बोलत नायस," शेवटी मिथुन म्हणाला.

सुजीत फोनजवळ सरकला.

"सुजीत, अंगठा दाखवला होतास?"

सुजीतने मान खाली घातली आणि हलवली, होकाराची. पुन्हा एकदा हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. पलीकडे मिथुन वाट बघत होता.

हितेशने लॅपटॉप मिटला.

"त्याला दिसत नाय, सुजीत," तो म्हणाला. "तोंडाने सांग."