उपशाचं पाणी

शालूनं रानात पुरलेल्या लोखंडी नळीत मोजायची फीत सोडली, टोकाचं वजन पाण्याला टेकल्याचा आवाज ऐकला आणि फीत वर ओढून आकडा पाहिला. पुन्हा सोडली. पुन्हा तोच आकडा. पाणी कालच्या जागेवरून बोटभरही हललं नव्हतं. तिनं फीत कशीबशी पिशवीत कोंबली आणि बांधावरच फतकल मारली.

वैताग येणारच. कालव्याचं पाणी आल्यापासून गावाच्या खालच्या अंगाची जमीन चिबड होत गेली होती. हातभर उकरलं की पाणी, आणि वर मिठाचा पांढरा पापुद्रा. तिच्या मायच्या, झुंबरबाईच्या, खालच्या तुकड्यात तर सोयाबीन उगवायचंच बंद झालं होतं. शालू शिकली ती भूजलाचं, नोकरीला लागली ती त्याच कामाच्या संस्थेत, आणि हट्टानं हा प्रयोग तिनं आपल्या गावात आणला. जमिनीखाली भोकांच्या पाइपांचे चर घालायचे, जोडीला पाच विहिरींवरून रोज उपसा करायचा आणि ते सगळं पाणी नाल्यात सोडून द्यायचं. माती किती झिरपू देते, चर किती ओढतो, मोटार किती उपसते, हे सगळं गणित तिनं संगणकावर मांडलं होतं. पडद्यावर पाणी मोठ्या शहाण्यासारखं खाली जायचं. रानात मात्र ते हटून बसलं होतं.

सोमवारी तिचे साहेब, रामप्रसाद सर, पाहणीला येणार होते. पाणी उतरताना दिसलं नाही तर इथला प्रयोग गुंडाळायचा आणि दुसरं गाव बघायचं, हे त्यांनी फोनवर सरळ सांगून टाकलं होतं. म्हणजे मायचं रान गेल्यातच जमा.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? मातीचे आकडे बदलून पाहिले, चरांमधलं अंतर पुन्हा मोजलं, पाइप तुंबला असेल म्हणून दोन ठिकाणी उकरून बघितलं. स्वतःच्या शिक्षणाची लाज वाटायची पाळी आली. बरं, गावकऱ्यांना बोल लावावा तर तेही नाही. लाइट असेपर्यंत पाचही मोटारी इमानदारीनं घुमत होत्या. आत्ताही घुमत होत्या.

पण मग ते पाणी पडत कुठं होतं? शालू ताडकन उठली आणि नाल्यावर गेली.

चराच्या तोंडातून करंगळीएवढी धार गळत होती. बस्स. पाच मोटारींचं पाणी जिथं पडायला हवं होतं तिथं माती कोरडी ठाक होती. तिथून ती मच्छिंद्रकाकांच्या विहिरीकडे वळली. काकांचा पाइप नाल्याकडे निघाला होता खरा, पण अर्ध्या वाटेत बाभळीच्या आडून त्यानं गुपचूप वळण घेतलं होतं आणि तो वरच्या मोसंबीत शिरला होता. काका फावडं घेऊन झाडांना पाणी देत होते.

"काका, हे पाणी नाल्यात सोडायचं ठरलं व्हतं ना?"

"सोडणारच हाय ना माय. आधी झाडायला पाजतो, मंग सोडतो." काका ओशाळले. "चांगलं पाणी उगं सोडून द्यायचं, बराबर न्हाई वाटत पोरी."

"अहो, वर टाकलं की झिरपून पुन्हा खालीच येतंय ते! तेच पाणी नुसतं फिरवून राह्यले तुम्ही!"

पुढच्या विहिरीवर कौसल्याकाकूंनी ते गव्हाला लावलं होतं. त्याच्या पुढं हरभऱ्याला. कुणी तिला फसवायला म्हणून केलं नव्हतं, हेच जास्त चिडवणारं होतं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकीचे चौघे सोडतायत, आपलं तेवढं थोडं वापरलं तर काय बिघडतंय.

पाचवी विहीर मायची. झुंबरबाई वरच्या तुकड्यात, तुरीच्या सरीत पाइपाचं तोंड धरून उभी होती.

"माय, तू पण?"

"लाइट जायच्या आत एवढ्या दोन सऱ्या व्हतील बघ."

"पांढऱ्या मातीपायी रडतंय कोण? तूच ना? मंग राहू दे. सोमवारी सांगते साहेबाला, गुंडाळा म्हणून!"

झुंबरबाईनं पाइप खाली ठेवला नाही.

"टँकर येत न्हवता त्या साली तुला परातीत बसवून न्हाऊ घालायची मी," ती म्हणाली. "परातीतलं पाणी मिरचीच्या रोपाला. आन् आता म्हणतीस, वतून दे नाल्यात. हात धजत न्हाई, शालू."

मायनं तिच्याकडे पाहिलं, मग खालच्या पांढऱ्या तुकड्याकडे. मग पदर खोचून तिनं पाइप ओढायला सुरुवात केली, तुरीतून, बांधावरून, थेट नाल्यापर्यंत. धार नाल्यात पडायला लागली तशी तिनं पाठ फिरवली आणि मोसंबीकडे तोंड करून हाळी दिली,

"मच्छिंद्रा, वळव रे तुपला पाइप! लय झालं पाजणं!"

पाचही पाइप नाल्याकडे वळले. रविवारी सकाळी शालूनं नळीत फीत सोडली, तर आवाज उशिरा आला. तिनं तीनदा मोजलं, मग ओरडूनच मायला बोलावलं.

"चार बोटं, माय! चार बोटं उतरलं!"

झुंबरबाई जवळ आली. नळीच्या काळ्या तोंडात वाकून पाहत राहिली.

"खाली चाललं," ती म्हणाली.

शालूचं हसू जागच्या जागी थांबलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. विहिरी आटत गेल्या त्या उन्हाळ्यात माय रोज रिकामी घागर घेऊन घरी यायची आणि उंबऱ्यातच बापाला एवढंच सांगायची.

"माय, ते खालीच जायला पाहिजे."

"म्हाईत हाय मला. कळतंय समदं." झुंबरबाई बांधावर टेकली. "पर तू बस जरा मह्यापाशी."

शालूच्या हातात फोन होता, रामप्रसाद सरांना लावलेला. पलीकडून 'हॅलो' आलं. तिनं तो बंद केला आणि मायला खेटून बसली.